रोमच्या बाई

बाईंच्या घरात पोहे करायचे तर आधी ओट्यावरच्या खानावळवाल्यांना हलवावं लागे. "त्यांना खिडकीत ठेव," बाई आतून ओरडून सांगत, "आणि नट्यांवर तेल उडू देऊ नकोस."

खानावळवाल्या, नट्या, नोंदवलेल्या आणि एकनवऱ्या असे चार डबे होते. डबे खजुराचे, पुठ्ठ्याचे, पाच-पाच किलोचे. त्यांत शाळेच्या जुन्या सर्क्युलरांच्या कोऱ्या बाजूंवर बारीक अक्षरात लिहिलेली टिपणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये वेश्या, नटी, खानावळीत वाढणारी, नवऱ्यापासून सुटलेली, अशा ज्या बायकांकडे लोक नाक मुरडून बघत, त्यांच्यावर बाई वीस वर्षं एक मराठी पुस्तक लिहीत होत्या. एकनवऱ्या म्हणजे चांगल्या बायका. तो डबा सगळ्यांत हलका होता. "चांगल्या बाईबद्दल लिहायला लोकांकडे दोनच ओळी असतात," बाई म्हणत.

हे सगळं दोह्याच्या उत्तरेला, अल दुहैलमध्ये, एका कतारी कुटुंबाच्या व्हिलाच्या मागच्या भागात. बाई तिथल्या एका भारतीय शाळेत समाजशास्त्र शिकवत. त्याआधी महाराष्ट्रात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राचीन इतिहास शिकवून त्यांची उमेद संपत आली होती. लग्न केलं नव्हतं. तीन खोल्यांपैकी दोन त्या नोकरी करणाऱ्या मुलींना राहायला देत. त्यातली एक मला मिळाली.

मी तेव्हा लुसैलला, दोह्याशेजारी नव्याने उभ्या राहणाऱ्या शहरात, प्लॅनिंग इंजिनिअर होते. वर्ल्ड कपला तीन-चार वर्षं होती. जिकडे तिकडे रस्ते खणलेले, ट्रामचे रूळ पडत होते, आणि मीटिंगमध्ये कुणी 'इन्शाल्ला' म्हणालं की आमचे साहेब विचारत, "हे इन्शाल्ला गुरुवारचं की पुढच्या वर्षीचं?" मी परभणी जिल्ह्यातल्या मानवतची. वडील बाजार समितीत मापाडी. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि विमानात पहिल्यांदा बसले ती थेट दोह्याला यायला. त्यामुळे कोणाला काय म्हणावं, कुठे बसावं, कुठला चमचा उचलावा, या सगळ्याचीच मला धास्ती होती.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला काय म्हणू? मॅडम?"

"तुमच्याकडे शाळेत शिकवणारीला काय म्हणतात?"

"बाई."

"मग बाईच म्हण. पण जपून म्हण हो," त्या म्हणाल्या. "शिकवते ती बाई. धुणंभांडी करते ती बाई. फडावर नाचते ती बाई. आणि अमक्याने बाई ठेवली म्हणतात, ती पण बाई. इतका रोमन शब्द मराठीत दुसरा नाही."

मला काहीच कळलं नाही. मी मान डोलावली आणि खाली वाकून नमस्कार केला. त्यांना नमस्कार आवडत नसे, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

व्हिलाचे मालक, एक म्हातारे कतारी गृहस्थ, बाईंना 'अबला' म्हणत. तिकडे शिक्षिकेला अबला म्हणतात. ते फाटकाशी येऊन हाक मारत, "या अबला!" आणि बाई बाह्या सारून, हातात पक्कड घेऊन बाहेर जात, कारण पाण्याचा पंप बिघडला की त्याच दुरुस्त करत. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी मला अबला म्हणतंय," त्या परत येऊन सांगत. हा विनोद त्या दर आठवड्याला करत आणि दर वेळी स्वतःच तितक्याच हसत.

शाळेत साडी, पण घरात पाय टाकला की पुरुषांचा पांढरा लेंगा-झब्बा आणि खांद्यावर उपरणं. मी एकदा धीर करून विचारलं. तेव्हा कळलं की रोममध्ये लग्नाच्या बायकोचा पोशाख ठरलेला होता, पायघोळ. बाजारात बसणारीला मात्र पुरुषाचा वेश, तो टोगा. व्यभिचारात सापडलेलीलाही तोच. "म्हणजे रस्त्यात लांबूनच कळायला हवं, नमस्कार करायचा की थुंकायचं. तो सक्तीचा होता की नुसती रीत, यावर पंडितांत अजून भांडणं आहेत. मी आपली झब्बा घालून भांडणाची वाट बघते."

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी कुठल्या मुलीचं कौतुक करायला लागलं, साधी आहे, घरंदाज आहे, वर मान करून बोलत नाही, की बाई मध्येच गंभीरपणे विचारत, "लोकर कातते का?" ऐकणारा गोंधळून जाई. रोममध्ये चांगल्या बाईच्या थडग्यावर बहुधा तेच कोरलेलं असे: घर राखलं, लोकर कातली. शेकडो थडग्यांवर तेच. राणी मेली तरी लोकर, लोहाराची बायको मेली तरी लोकर. "त्या दगडाखाली नक्की कोण निजलंय ते कळायला काही मार्गच ठेवलेला नाही," असं म्हणताना मात्र त्यांचा आवाज जरा खाली जाई.

माझ्यावर त्यांचे फार उपकार आहेत. माझ्या इंग्रजी ईमेल त्या संध्याकाळी वाचून बघत. 'आय अ‍ॅम सॉरी टू डिस्टर्ब यू' हे वाक्य त्यांनी माझ्याकडून कायमचं काढून घेतलं. "तू उशिराचा अहवाल मागते आहेस. उशीर त्याने केलाय. सॉरी कशाबद्दल?" चहा मात्र त्यांचा भयंकर असे. उकळत ठेवून त्या रोमला जात आणि आम्ही धूर बघून गॅस बंद करत असू.

दुसऱ्या खोलीत रेखाताई राहायची. तासगावकडची, वय तिशीच्या आसपास. दोह्यातल्या एका मोठ्या हॉटेलात रेस्टॉरंटमध्ये वाढायचं काम. नवऱ्याने एकदा हात मोडला तेव्हा घर सोडलेलं. आठ-नऊ वर्षांची मुलगी तासगावला आजीजवळ, रेखाताईच्या आईकडे होती. रेखाताईची कामाची पाळी दुपारी सुरू व्हायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला हॉटेलची बस तिला सोडायची. तरी पहाटे साडेचारला ती उठलेली असे, कारण तेव्हा तिकडे सात वाजलेले असत आणि मुलगी शाळेची तयारी करत असे. मला साइटची गाडी पाचला येई. मी डबा भरत असताना साखरेच्या बरणीला टेकवलेल्या फोनमधून वेणी घालणारी ती पोर दिसायची आणि दोघींचं गणित चाललेलं असायचं.

"ए इंजिनेर," रेखाताई मला म्हणायची, "तुमच्या त्या स्टेडियमात आमच्या हॉटेलाचा स्टॉल लागला तर मला फुकट आत सोडशील का न्हाई?"

तिच्या कामाबद्दल बाईंनीच मला सांगितलं होतं, खानावळवाल्यांच्या डब्यातून. रोमच्या एका कायद्यात असं होतं की खानावळीची मालकीण असेल तर तिच्यावर व्यभिचाराचा खटला होऊ शकतो, कारण तिला अब्रू आहे. पण जी गिऱ्हाइकाच्या हातात पेला देते तिच्यावर खटला नाही. "सुटली म्हणायची," मी म्हणाले. "सुटली कसली," बाई म्हणाल्या, "तिला अब्रू धरलेलीच नाही, तर ती जाणार कुठून?"

संक्रांतीचं हळदीकुंकू जवळच्या एका कंपाउंडच्या क्लब हाउसमध्ये होतं. आमच्या भागातल्या मराठी बायका ते दर वर्षी करत. बाई मला आणि रेखाताईला घेऊन गेल्या. यजमानीण हातात कुंकवाचा करंडा घेऊन बाईंपुढे थबकली. "बाई, तुम्हाला... लावू का?"

"लाव की. कपाळ आहे मला."

मग ती रेखाताईपाशी आली, आणि तिचा हात खरंच थांबला. तिने मागे वळून कुणाकडे तरी पाहिलं. रेखाताई पटकन म्हणाली, "असू द्या वहिनी, मला त्या कुंकवानं खाज येती."

तेवढ्यात बाईंनी गोष्ट सुरू केली. रोममध्ये शीलाची एक देवी होती. तिच्या देवळात फक्त वरच्या कुळातल्या, एकाच नवऱ्याच्या बायका जात. एकीने खालच्या कुळात लग्न केलं म्हणून तिला दारातून परत पाठवली. तिने काय केलं, तर आपल्या घराचा एक भाग भिंत घालून वेगळा केला, त्यात त्याच देवीची वेदी मांडली आणि बाकीच्या बायकांना बोलावणं धाडलं. "आणि म्हणाली, आता आपण बघू, कोणाचं देऊळ जास्त स्वच्छ राहतं ते!"

मागून एक वहिनी म्हणाल्या, "मग वाण काय दिलं तिने?"

बायका हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. घरी येईपर्यंत त्या पुटपुटत होत्या, "काय दिलं असेल? वीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नाही. किती चांगला प्रश्न आहे हा!" त्या रात्री त्यांनी त्या वहिनींचा प्रश्न टिपण करून एकनवऱ्यांच्या डब्यात टाकला.

त्याच वहिनींबद्दल आता लिहायचं आहे, आणि मला त्या वाईट दाखवायच्या नाहीत. दोह्यात पहिल्या महिन्यात मी तापाने फणफणले तेव्हा त्यांनीच मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. त्या सांगलीच्या. पुण्यात त्यांचा भाचा आयटीत होता आणि त्याच्यासाठी त्या मला मनात धरून होत्या. माझ्या वडिलांशी फोनवर बोलणंही झालं होतं. वडिलांनी आनंदाने गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली आणि मग एक कागद पुढे केला. रेखाताईच्या नवऱ्याने मुलीचा ताबा मागितला होता. त्याच्या वकिलाला दोह्यातल्या लोकांचं लिहून हवं होतं, आणि तो वकील वहिनींच्या भावाच्या ओळखीचा निघाला.

"तू तिच्यासोबत राहतेस, म्हणून तुझी सही महत्त्वाची," वहिनी म्हणाल्या. "खोटं काही नाहीये त्यात. वाच."

मी वाचलं. 'सदर बाई दोहा येथे हॉटेलात मद्य वाढण्याचे काम करते. रोज रात्री बारा वाजता परपुरुष तिला गाडीने घरी सोडतो. ती नवऱ्यापासून वेगळी राहते. तिच्या येण्याने हळदीकुंकवासारख्या कार्यक्रमात इतर महिलांना संकोच होतो.' खाली तीन सह्या होत्या.

"परपुरुष म्हणजे हॉटेलच्या बसचा ड्रायव्हर," मी म्हणाले.

"मग पुरुषच ना तो? आणि हे बघ, तिथे राहून तुझं नाव तिच्याबरोबर घेतलं जातं. मला पुण्याला उत्तर द्यायचं असतं. माझ्या परीने मी तुला वेगळं काढते आहे गं."

मी सही केली. हे मी कुणाच्या दबावाने केलं असं सांगता आलं असतं, पण खिचडी गरम होती, वहिनी प्रेमाने बोलत होत्या, आणि मला वेगळं निघायचं होतं. वहिनींनी कागद माझ्याचजवळ दिला. "बाईंची पण घे. शिक्षिकेच्या सहीला वजन असतं."

बाई पंपापाशी होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला, लाल पेनाने 'संकोच' वरचा अनुस्वार नीट केला आणि पूर्ण वाचला. माझी सही पाहिली.

"वाक्यं सगळी खरी आहेत," त्या म्हणाल्या. "बस. दुसरा कागद घे. मी सांगते, तू लिही."

मी लिहायला बसले. बाई फेऱ्या घालत शाळेतल्यासारखं सांगू लागल्या. "सदर मुलगी अविवाहित असून रोज दीडशे पुरुषांत काम करते. स्वल्पविराम नको, पूर्णविराम दे. पहाटे पाच वाजता एक परपुरुष तिला गाडीने घेऊन जातो. ती पुरुषांबरोबर एका टेबलावर जेवते. आईवडिलांपासून दूर, ती एका बिनलग्नाच्या बाईच्या घरी राहते. सदर बाई घरात पुरुषांचे कपडे घालते व वेश्यांवर लिखाण करते. झालं? यात खोटं कुठलं?"

"कुठलंच नाही."

"मानवतला पाठवायचं?"

मी पेन खाली ठेवलं. वडील चष्मा नाकावर ओढून हा कागद वाचताहेत, असं मला लख्ख दिसलं.

बाई समोर बसल्या. रागावलेल्या नव्हत्या. "रोमला बाजार आणि रस्ते बघणारे अधिकारी होते. आपल्या इथल्या बलदियासारखे, म्युनिसिपालिटीवाले. वेश्यांची यादी त्यांच्याकडे असे. तिथे जाऊन नाव सांगायचं, की लिहिलं जाई. पुढे ती म्हातारी झाली, धंदा सोडला, कुणाची सून झाली, तरी नाव पुसत नसत. आत जायला दार होतं, बाहेर यायला नव्हतं." मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मी सही करणार नाही. तुझ्या सहीचं काय करायचं ते तुझं तू बघ. चहा टाकते."

त्या दिवशी तो चहासुद्धा जळला नाही.

दुपारी उन्हातून चालत मी वहिनींकडे गेले. मनात पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "वहिनी, माझी सही मी खोडली आहे."

त्यांनी कागद घेऊन पुन्हा वाचला. "मी वाईट आहे का गं?" त्यांनी विचारलं. "त्या लेकराचंच बघतेय ना मी?" पुण्याचं बोलणं त्यानंतर हळूहळू बंद झालं. वडील महिनाभर विचारत होते, आपलं काही चुकलं का. त्यांना मी पुष्कळ वर्षांनी खरं सांगितलं.

रेखाताईला मात्र त्याच आठवड्यात सांगितलं, माझ्या सहीसकट. ती भांडी घासत होती. "सही मराठीत केलतीस का इंग्रजीत?" तिने विचारलं.

"इंग्रजीत."

"मग बरंय. तासगावात कुणाला वाचता आली नसती." असं म्हणून ती हसली, आणि मग पाठ फिरवून एकच वाटी खूप वेळ घासत राहिली.

तो कागद बाकीच्या तीन सह्यांसह गेलाच. मग रेखाताईच्या बाजूने आपणही काही लिहून पाठवावं असं आमच्या घरात ठरलं. पुढचं आधीच सांगून टाकते: बाईंचा करार साठीला संपला आणि वर्ल्ड कपच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या चारही डबे घेऊन साताऱ्याला परत गेल्या. जादा वजनासाठी त्यांनी कपडे मागे ठेवले. पुस्तक अजून आलेलं नाही. ताब्याच्या खटल्यात न्यायालयाने मुलीला जवळ बोलावून विचारलं, आणि ती आजीजवळच राहिली. आमच्या कागदाचा त्यात किती वाटा होता ते मला माहीत नाही. पण आमचा कागद लिहिला गेला तो पुढचा शुक्रवार मला बाईंच्या सगळ्या दिवसांहून जास्त आठवतो.

पहिला मसुदा मी केला होता. मेहनतीने केला होता. बाईंनी त्यातले 'सुशील', 'घरंदाज' आणि 'मनमिळाऊ' काढून टाकले. "ही सगळी लोकर झाली. ती काय करते ते लिही." मी पुन्हा लिहिलं: रेखाताई पहाटे साडेचारला उठते, मुलीला रोज भागाकार शिकवते. ते बाईंना पसंत पडलं. आम्ही रेखाताईला वाचायला दिलं.

तिने ओठ हलवत वाचलं. "हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"मी कुठं भागाकार शिकवती? मला येतोय व्हय? मी सातवीतच गणिताला रामराम ठोकला. ती मला शिकवती. रोज वरडती माझ्यावर, मम्मी हातचा राहिला, मम्मी वरचा आकडा खाली घे."

"राहू दे ना तसंच," मी म्हणाले. "आई शिकवते म्हटलं तर कोर्टाला बरं दिसेल."

रेखाताईने बाईंकडे बघितलं. बाईंनी माझा मसुदा उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"वीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. त्या आमच्यापैकी कुणाशी बोलत होत्या कोण जाणे. "हजारो टिपणं केली. वकिलांची, कवींची, न्यायाधीशांची, नवऱ्यांची. त्या बायकांपैकी एकीनेही मला स्वतः काही सांगितलेलं नाही. एकीनेही नाही." मग त्या रेखाताईकडे वळल्या. "तू सांग. हळू सांग. मी लिहिते."

"कुठनं सुरू करू?"

"तुला वाटेल तिथून."

रेखाताईने ओढणीने हात पुसले. खुर्ची ओढून ती ताठ बसली, फोटो काढायला बसावं तशी.

"लिवा," ती म्हणाली. "मी हॉटेलात वाढती."

मी दचकले. "ते कशाला? तेच तर त्यांनी लिहिलंय!"

"त्यांनी लिवलं म्हणून मी सोडू व्हय? माझंच काम हाय ते. त्यातनंच पोरीचं दप्तर येतंय. लिवा बाई."

वहिनींच्या कागदावरचा अनुस्वारही न सोडणाऱ्या बाईंनी ते जसं ऐकलं तसं उतरवलं. 'वाढती' चं 'वाढते' केलं नाही. पूर्णविराम दिला, आणि मान वर न करता म्हणाल्या, "पुढे?"